कॅमेऱ्यात फक्त हात

सर पहिल्यांदा आमच्या टायपिंगच्या क्लासात आले तेव्हा ते परीक्षेचे निरीक्षक असावेत असं आम्हा मुलींना वाटलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या माडीवर आमचा क्लास होता. जरासं पोक काढून चालणारे, सफारीच्या खिशात मोजायची टेप खोचलेले ते उंच गृहस्थ दारातच थांबले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. निरीक्षक कागद बघतात. हे आमच्याकडे बघत होते. चेहऱ्यांकडे नाही, खांद्यांकडे, कोपरांकडे, खुर्चीवर घड्या करून घेतलेल्या शालींकडे. त्यामुळे तर जास्तच विचित्र वाटलं. माझ्या शेजारणीनं ओढणी सारखी केली आणि टायपिंग थांबवून हात मांडीवर घेतले.

मी मात्र बोलले. मास्तरांना म्हटलं, "हे मधे उभे राहिलेत, कागदावर अंधार येतोय."

ते गृहस्थ लगेच बाजूला झाले. काही लिहिलं नाही, हसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "इंजिनिअरिंग कॉलेजातले प्रोफेसर आहेत. संगणकावर मराठी टाइप करणारं माणूस पाहिजे त्यांना. तुला बोलावलंय."

क्लासात माझ्यापेक्षा वेगानं टाइप करणाऱ्या मुली होत्या. मग मीच का? जिना उतरताना शेजारणीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "त्यांनी तुमच्या वस्तीतलीच मागितली असंल. हल्ली तसं दाखवावं लागतं ना." ती वाईट बोलली असं तिलाही वाटलं नाही. मला मात्र ते वाक्य घरी पोचेपर्यंत बोचत राहिलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या गावात आमच्या लोकांची घरं जळाली, आणि आम्ही हाताला लागेल ते घेऊन औरंगाबादला आलो. मी तेव्हा लहान होते. पण बाबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. जाळपोळीच्या आधी एक माणूस वस्तीत येऊन गेला होता. गोड बोलायचा, ओट्यावर बसून पाणीसुद्धा प्यायला. कुणाचं पोरगं शिकतंय, कोण मोर्चाला गेलं होतं, कुणाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, सगळं विचारून गेला. तेव्हापासून विचारपूस करणाऱ्या माणसाला बाबा घरात घेत नसत. पोरांना लस टोचायला आलेल्या बाईलाही त्यांनी एकदा दारातच उभं केलं होतं.

"काय काम हाय त्या प्रोफेसरचं?" त्यांनी विचारलं.

"माणूस यंत्रापुढं कसा बसतो, त्याचे हात कुठं जातात, ते बघतात म्हणे."

"कामून?"

का, ते मलाही ठाऊक नव्हतं. माय म्हणाली, "जाऊ द्या तिला. कॉलेजात तर जायचंय." माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणायची, तो चपला घालून निघालाच होता. तो चिकलठाण्याच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात होता आणि संध्याकाळी नामांतराच्या बैठकांना जायचा. घरात बोलायला त्याला वेळ कमीच असे.

सरांची खोली कॉलेजच्या अगदी टोकाला होती. भिंतीवर छतापर्यंत मोजपट्टी रंगवलेली, मधे वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या आणि टेबलं, आणि खिडकीशी हिरव्या अक्षरांचा एक संगणक. सरांनी पहिल्याच दिवशी मला टेप दिली आणि म्हणाले, "बसल्यावर कोपरापासून जमिनीपर्यंत किती भरतं, तुमचं तुम्हीच मोजा आणि मला सांगा." मला ते 'तुम्ही' म्हणाले. मी विशीची होते, मला तोवर कुणी शिकलेला माणूस तुम्ही म्हणाला नव्हता. त्याचंही मला बरं वाटण्याऐवजी कोडंच पडलं.

घरी हे सांगायला नको होतं. बाबा एकदम ताठ झाले. "माप घेतलं? कपडे शिवतो का काय तो?"

"मीच घेतलं, बाबा. त्यांनी हात पण लावला नाही."

"आज नाय लावला," बाबा म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

तरी मी जात राहिले. सरांचा विषय मला हळूहळू कळायला लागला. कामाची जागा, हत्यारं, यंत्राची बटणं आणि आता नव्यानं आलेले संगणकाचे पडदे माणसाच्या अंगाला आणि डोक्याला सोसतील असे कसे करायचे, हे ते शिकवायचे. आज त्या विद्येला मोठमोठी नावं आहेत, त्यात पोरं परदेशी जातात. तेव्हा कॉलेजातले बाकीचे प्रोफेसर त्यांना 'खुर्चीवाले' म्हणायचे. सर एकदा मला म्हणाले होते, "चप्पल चावली तर आपण पाय तासत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र सगळे पायच तासायला निघतात." मजा म्हणजे ते स्वतः अतिशय वाईट बसायचे. एक पाय खुर्चीवर घेऊन, मान मोडल्यासारखी वाकडी करून. मी एकदा ते बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. क्लासात एवढ्या मुलींवर माझी सावली पडली होती. तक्रार एकटीनं केली."

हे खरं कारण होतं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं, ते मी ठरवू शकले नाही.

काही महिन्यांनी सरांनी मला नवं काम सांगितलं. एका कारखान्यात यंत्रावरच्या जुन्या खटक्यांच्या जागी संगणकाचा पडदा येणार होता. त्यावरच्या सूचना मराठीत टाइप करायच्या, आणि कामगार आळीपाळीनं इथं येऊन पडद्यापुढं बसतील तेव्हा त्यांना काय करायचं ते सांगायचं. कारखान्याचं नाव ऐकलं आणि मी टायपिंग थांबवलं. तो दादाचाच कारखाना होता.

मी घरी बोलायच्या आत दादालाच ते कळलं होतं. त्या संध्याकाळी तो बैठकीला गेला नाही. मला अंगणात बोलावून म्हणाला, "तुझ्या सरांकडं आमची परीक्षा हाय म्हणं."

"परीक्षा नाही. पडदा बरोबर आहे का ते बघायचंय."

"तुला असं सांगितलं व्हय? आमच्याकडं सगळे म्हणायलेत, जो चुकंल त्याचं नाव मॅनेजरकडं जाणार. नवं मशीन आलं की निम्मी माणसं घरी. आधी कोण, ते ह्या परीक्षेवर ठरणार."

"सर तसले नाहीत."

"कसले हायेत? कुठले? कोण? तुला काय ठाऊक?"

मला खरंच काही ठाऊक नव्हतं. सरांचं आडनाव असं होतं की त्यावरून जात कळू नये, आणि ते स्वतःबद्दल बोलत नसत. नामांतराबद्दलही ते कधी एक शब्द बोलले नव्हते. मोर्चाला जायला मी सुट्टी मागितली की म्हणायचे, "जा." तेवढंच. बाकीचे प्रोफेसर निदान तोंड वाकडं करायचे, त्यावरून माणूस कळायचा. सरांच्या त्या 'जा'वरून काहीच कळत नसे.

दादा म्हणाला, "तू तिथंच असती. कान उघडे ठेव. मॅनेजर आला, फोन आला, काय बोलतो ते आईक."

म्हणजे माझ्याच सरांवर मला पाळत ठेवायची होती. मी हो म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून कान आपोआप उघडे राहिले. सर फोनवर इंग्रजीत बोलले की मी टायपिंग हळू करायची. ते माझ्याकडे बघून हसले तरी वाटायचं, यांना कळलं वाटतं.

कामगार यायला लागले. त्याच सुमाराला सरांनी तिवईवर एक व्हिडिओ कॅमेरा लावला. तो वरून खाली, कीबोर्डवर रोखलेला असायचा. सर प्रत्येकाला सांगायचे, "तोंड दिसत नाही. फक्त हात दिसतात. हात कुठं अडखळतो तेवढंच मला बघायचंय." कॅसेटवर नाव नसायचं. तरी माणसं त्या कॅमेऱ्याकडे बघूनच खुर्चीत बसायची, आणि बसली की निम्मं लक्ष वर.

एक वयस्क कामगार मला अजून आठवतात. खुलताबादहून रोज येऊन-जाऊन करायचे. पडद्यावर लाल अक्षरं आली की यंत्र थांबवायचं होतं. त्यांनी घाबरून दुसरंच बटण दाबलं. संगणक कर्कश ओरडला. ते उठूनच उभे राहिले. "साब, मैं फेल हो गया क्या?"

"बसा चाचा," सर म्हणाले. "तुम्ही नाही चुकलात. आम्ही दोन बटणं एकसारखी करून ठेवली, ती चूक आमची."

चाचा बसले, पण कीबोर्डला हात लावेनात. सर इतकं गोड का बोलतात, असं मला त्या वेळी वाटून गेलं. आमच्या गावात विचारपूस करून गेलेला माणूसही गोडच बोलत होता.

मग दादाची पाळी आली. सर म्हणाले, "सख्खा भाऊ आहे, तेव्हा तुम्ही बाहेर थांबा." मी व्हरांड्यात बसले. बाकीच्यांना तासभर लागायचा. दादा थोड्याच वेळात बाहेर आला. चेहरा बंद. "चल, जातो," एवढंच बोलून सायकलवर बसून गेला. सरांनीही काही सांगितलं नाही. ते त्या दिवशी पुढची माणसं परत पाठवून खोलीत एकटेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर टेबलावर पांढऱ्या सुती हातमोज्यांचा गठ्ठा. बँडवाले घालतात तसले, मनगट झाकणारे. सर म्हणाले, "आजपासून सगळ्यांनी हे घालून बसायचं."

"कशासाठी, सर?"

"सगळ्यांनीच घालायचे," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता कॅमेरा पुसायला लागले.

पहिल्यांदा आलेल्या कामगारानं मुकाट्यानं घातले. दुसरा आमच्याच वस्तीतला होता. त्यानं मोजे उचलले, उलटेसुलटे करून बघितले आणि टेबलावर टाकले. "हे कशापायी, साहेब?"

"सगळ्यांसाठी आहेत."

"काल नव्हते. काल कुणाला नव्हते. आजच कामून?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "आमच्या हाताचा मशीनला विटाळ व्हायलाय का?"

मी सरांकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही रे बाबा, तसं नाही, अमुक कारण आहे. "तसं नाही," ते शेवटी म्हणाले, "पण कारण मला सांगता येणार नाही."

तो माणूस निघून गेला. मीही त्याच्या मागोमाग निघाले. आधीच्या आठवड्यात तो संगणक मी दिवसभर उघड्या बोटांनी चालवला होता. माझ्यामागं ते तो पुसून घेत असतील का, असंही डोक्यात येऊन गेलं. आज ते लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा ते अगदी शक्य वाटलं होतं. आमच्या आळीतल्या मुलीला तिच्या शाळेत अजून वेगळ्या ग्लासातून पाणी मिळत होतं.

मी घरी पोचायच्या आत बातमी वस्तीत पोचली होती. माय दारात उभी. बाबा म्हणाले, "उद्यापासून जायचं नाय." मी म्हटलं, नाहीच जाणार. तरुण पोरं जमली होती, उद्या कॉलेजवर जायचं ठरत होतं. दादा कारखान्यातून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मला आत बोलावलं.

"ते हातमोजे माझ्यामुळं हायेत," तो म्हणाला.

मला काही कळेना. त्यानं शर्टाची बाही वर केली. त्याच्या उजव्या मनगटावर 'जय भीम' गोंदलेलं होतं. गावच्या जत्रेत लहानपणीच गोंदवून घेतलेलं, निळं, ठळक. ते मी इतक्या वर्षांत इतक्यांदा बघितलं होतं की आता मला ते दिसतच नसे.

"मी त्याला म्हणलं, तुम्ही म्हणता तोंड दिसत नाय. पण माझा हात बघितला की शेंबडं पोरगं सांगंल हा कोण ते. मॅनेजरनं कॅसेट लावली तर पहिला मीच सापडतो. मी काय बसणार नाय. त्यो माणूस माझ्या हाताकडं बघतच राहिला. म्हणला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला माफ करा. मग म्हणला, मी काहीतरी करतो, पण तुमच्यावर येऊ देणार नाही."

"मग त्यांनी सांगितलं का नाही तसं?"

"काय सांगणार? हाताच्या खुणेसाठी मोजे हायेत म्हणला असता, तर कोणाच्या, हे विचारलं असतं. आमच्यात खुणेचा हात कोणाचा, हे सगळ्यांला ठाऊक."

"आणि तू? तू आत्ता बाहेर सांगितलं का नाहीस?"

दादा बाही खाली करत म्हणाला, "सांगितलं तर मी प्रोफेसरचा माणूस ठरतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यानं बाहीचं बटण लावलं. मी रागानं उठून मायकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात वीसेक माणसं जमली. वस्तीतली पोरं होती, कारखान्यातले कामगार होते, बघायला आलेले विद्यार्थी होते. घोषणा सुरू झाल्या. सर बाहेर आले, नेहमीसारखेच पोक काढून, आणि कठड्याला टेकून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "बोला, कोणाच्या हाताला घाण लागलीय?" सर जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता दगड पडणार.

दादा मागं उभा होता. तो गर्दीतून पुढं आला, बाही वर केली आणि हात सगळ्यांना दिसेल असा धरला. "माझ्या हातासाठी मोजे आणलेत," तो म्हणाला. "मीच तक्रार केली होती. त्यांनी माझं नाव सांगितलं नाय, म्हणून तुमच्या शिव्या खाल्ल्या." मग सरांकडे वळून म्हणाला, "पण साहेब, चुकलंच तुमचं. आमच्या माणसापुढं मोजे ठेवायच्या आधी एकदा विचारायचं होतं."

"चुकलं," सर म्हणाले. "आता काय करू, ते तुम्ही सांगा."

"कॅमेरा काढा."

सरांनी आत जाऊन स्वतः कॅमेरा तिवईवरून उतरवला. कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "साहेब, तुम्ही कुठले? कोण तुम्ही?" सर दारात थांबले. "सोयगावचा. वडील मेंढरं राखायचे." एवढं सांगून ते आत गेले. घरी येताना दादा म्हणाला, "मेंढरं राखायचे, हे खरं कशावरून?" पण मी दुसऱ्या दिवशीपासून कामाला जायला लागले, आणि या खेपेला बाबांनी अडवलं नाही.

पुढची माणसं कॅमेऱ्याशिवायच बसली. आधीच्या कॅसेट मात्र कपाटात होत्या. काम संपत आलं तेव्हा मॅनेजर स्वतः आला. मी कोपऱ्यात टाइप करत होते. माझ्याकडे त्यानं लक्षही दिलं नाही.

"प्रोफेसरसाहेब, रिपोर्ट छान आहे," तो म्हणाला. "बटणं मोठी करा, रंग बदला, करू की. पण कोणाला जमणार नाही, तेवढं सांगून टाका."

"पडदा दुरुस्त केलात तर सगळ्यांना जमेल."

"मग निदान कॅसेट तरी द्या."

"त्या कॉलेजच्या आहेत."

मॅनेजर मोठ्यानं हसला आणि चहा मागवला. मला सरांनी चहा सांगायला कँटीनकडे पाठवलं. मी परत आले तेव्हा दोघं उठून उभे होते, हात मिळवत होते. मधल्या वेळात काय बोलणं झालं, ते मला कळलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी कपाट उघडं दिसलं. आत कॅसेट नव्हत्या. मी विचारलं.

"पुसल्या," सर म्हणाले.

त्यांना कॅसेट पुसताना मी बघितलं नव्हतं.

नवं यंत्र बसलं आणि कारखान्यात कपात झाली. जास्त करून वयस्क माणसं गेली. खुलताबादचे चाचाही गेले. आमच्या वस्तीतले बरेचसे गेले. युनियनमध्ये पुढं असणारा, बैठकांना जाणारा, मॅनेजरच्या डोळ्यांवर आलेला माझा दादा मात्र राहिला. सगळ्यात आधी त्यालाच काढतील असं आम्ही धरून चाललो होतो.

माय आनंदली. पण दादाचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. कँटीनमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. त्याच्या हाताखालचा मित्र, ज्याच्याकडे तो ईदला हमखास जेवायला जायचा, तोच एक दिवस म्हणाला, "तेरी बहन वहाँ बैठती थी ना? मशीन के पास? फिर तेरे को कौन निकालता?" वस्तीत तर हातमोज्यांचा दिवसच लोकांनी उलटा करून सांगायला सुरुवात केली. ते सगळं ठरवून केलं होतं, प्रोफेसरला वाचवलं आणि नोकरी घेतली.

मी सरांना जाऊन सरळ विचारलं, "तुम्ही दादाला वाचवलं का?"

ते टेबलावर वाकून काहीतरी मोजत होते. "मी कुणालाच वाचवलं नाही," ते म्हणाले. आवाजात राग होता, पण तो माझ्यावरचा वाटला नाही.

दादानं दिवाळीच्या आधी नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, त्याचा त्यानंच राजीनामा दिला. नंतर तो वाळूजला एका लहान वर्कशॉपमध्ये लागला आणि मग त्यानं रिक्षा घेतली. त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. पण सरांचं नाव निघालं की उठून जायचा.

नामांतर झालं त्या दिवशी विद्यापीठाच्या दारात मी माय-बाबांबरोबर होते. बाबा कमानीकडे बघून रडत होते, त्यांना धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. गुणपत्रिका छापायचा सरांनी केलेला एक प्रोग्राम होता, त्यात विद्यापीठाच्या नावाची चौकट जुन्या नावापुरती होती. नवं नाव लांब. एका तरुण प्रोफेसरनं सुचवलं, आद्याक्षरं टाका, काम भागेल. सर म्हणाले, "नाव कापायचं नाही. चौकट वाढवा." त्यासाठी मला सगळी पानं नव्यानं मांडावी लागली. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "येवढ्यानं काय होतं?" पण या वेळी उठून गेला नाही.

पुढं मला सरकारी कार्यालयात संगणक चालवायची नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. सर निवृत्त होऊन पुंडलिकनगरात राहायला आले. एकदा त्यांच्या बायकोचा निरोप आला, तब्येत बरी नसते, भेटून जा. मी गेले. मानेला पट्टा लावून सर पलंगावर बसले होते, तसेच वाकडे. बोलता बोलता मी पुन्हा तेच विचारलं. इतक्या वर्षांनी विचारण्यात अर्थ नव्हता, पण मला राहवलं नाही.

"कॅसेट पुसल्या होत्या, हे खरंच," ते म्हणाले. "नाव मी एकही सांगितलं नाही. पण तुम्ही चहा सांगायला गेलात तेव्हा मॅनेजर म्हणाला, बरं, कोण नालायक ते नका सांगू, कामाचा माणूस तरी सांगा. मी म्हणालो, कॅमेरा कशाला म्हणून ज्यानं विचारलं आणि बसायला नाही म्हणाला, तो तुमच्याकडचा सगळ्यात कामाचा माणूस."

"सर, विचारणारा कोण होता, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. व्हरांड्यात त्यानं हात वर करून सांगितलं होतं."

"हो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं मी फक्त त्याची बाजू घेतली. तो नोकरी सोडून गेला तेव्हा कळलं, मी काय केलं ते."

मला ते पूर्ण पटलं नाही. एवढा बारीक विचार करणारा माणूस, आपल्या एका वाक्यानं कोण ओळखू येईल हे त्याला कळलं नसेल? की कळून सवरून दादाला ठेवून घेतलं, आणि ते 'वाचवणं' वाटू नये म्हणून तेव्हा तसे रागानं बोलले? मी विचारलं नाही. त्यांच्या बायकोनं पोहे आणले, आम्ही पोहे खाल्ले.

दादाला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. तो रिक्षा पुसत होता. त्यानं सीटही पुसून घेतली. मग म्हणाला, "म्हंजी लोक बोलत होते ते खोटं नव्हतं. मीच तेवढा ते खोटं समजत होतो."

"तुला राग आला का?"

"कोणावर?" तो म्हणाला, आणि रिक्षा काढून निघून गेला.

काही दिवसांनी सरांच्या बायकोचा फोन आला. तुझा भाऊ आला होता, म्हणाल्या. दोघं दार लावून बसले होते. दोनदा चहा झाला, एकदा आवाज चढला, तो कुणाचा ते कळलं नाही, आणि मग हसणं ऐकू आलं. जाताना तो सरांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला आणि परत आणून सोडलं. मी दादाला विचारलं, काय बोलणं झालं? म्हणाला, "काय नाय." सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या भावाला विचारा."

त्यानंतर दर सोमवारी दादा त्यांना दवाखान्यात नेत असे. पुढच्या थंडीत सर गेले. मला निरोप मिळाला तेव्हा मी ऑफिसात होते. धावतपळत पुंडलिकनगरला पोचले, तर दादा आधीच तिथं होता, खांदा द्यायला उभ्या राहिलेल्या माणसांत. त्या बंद दाराआड काय बोलणं झालं होतं, ते तो मला अजूनही सांगत नाही.